डिझेल पिकअपचं हेड उघडण्याआधी: स्टड आणि गॅस्केट कसे निवडायचे

अमेरिकेत सेकंड हँड डिझेल पिकअप घेतला की आज ना उद्या कुणीतरी विचारतंच, ‘स्टड टाकलेत का?’ इंजिनाच्या ब्लॉकमधल्या सिलिंडरांवरचं झाकण म्हणजे हेड, या दोघांमधली फट बुजवणारा थर म्हणजे हेड गॅस्केट, आणि हेड आवळायला बोल्टऐवजी ब्लॉकमध्ये रोवून वर नट लावायची पोलादी दांडी म्हणजे स्टड. ट्रक कॅम्पर ओढायला घेतलेला असतो, नाहीतर स्वतःच्या लँडस्केपिंगच्या धंद्यासाठी. वय पंधरा-वीस वर्षं. आधीच्या मालकाने ट्यूनर (इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलणारं यंत्र) लावून ताकद वाढवलेली असते आणि विकताना तो काढून ठेवलेला असतो. मग एका चढावर, मागे ट्रेलर असताना, कूलंटची टाकी ओकायला लागते. हेड गॅस्केट गेलं हे कळेपर्यंत पुढचा सल्ला तयार असतोच: आता उघडतोच आहेस तर स्टड टाकून घे.

सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. पहिल्यांदाच हे काम अंगावर घेणाऱ्यांसाठी, किंवा गॅरेजवाल्याशी नीट बोलता यावं म्हणून, उरलेला अर्धा इथे लिहितो. मुख्य उदाहरण फोर्डच्या ६.० लिटर पॉवर स्ट्रोकचं घेतलं आहे. स्टडची एवढी चर्चा ज्या इंजिनांमुळे सुरू झाली त्यांत ते सर्वांत पुढे. कमिन्स ५.९ आणि जीएमचं ड्युरामॅक्स जिथे वेगळे वागतात तिथे त्यांचा उल्लेख येईल. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं कमिन्सशी जुनं नातं आहे. कोथरूडच्या कारखान्यातून इंडियानातल्या कोलंबसला आलेले कितीतरी मराठी इंजिनिअर आहेत, आणि डॉजच्या पिकअपमध्ये १९८९ पासून आलेलं कमिन्सचं बी सीरिजचं इंजिन (५.९ याच सीरिजचं) जमशेदपूरच्या टाटा कमिन्समुळे आपल्याकडच्या ट्रकवाल्यांनाही चांगलंच माहीत आहे.

माझं मत आधीच सांगतो. स्टड ही यादीतली शेवटची खरेदी. आधी बिघाडाचं कारण, मग पृष्ठभाग, मग गॅस्केट, आणि त्यानंतर स्टड. बहुतेक लोक उलटा प्रवास करतात, कारण स्टडचा चकचकीत खोका ऑनलाइन एका क्लिकवर मिळतो आणि चांगला मशीन शॉपवाला शोधायला आठवडा जातो.

हेडवर नेमका जोर किती येतो

६.० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९५ मिलिमीटर, म्हणजे पिस्टनच्या डोक्याचं क्षेत्रफळ साधारण ७१ चौरस सेंटिमीटर. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमध्ये १५० बार दाब धरला तर हेडला वर ढकलणारा जोर जवळपास १०.८ टन होतो. तोच दाब २०० बारवर नेला की साडेचौदा टन. हे एका सिलिंडरचं, आणि प्रत्येक ज्वलनाच्या फेऱ्याला.

हा जोर बोल्ट पेलतात. गॅस्केट फक्त फट बुजवतं. प्रेशर कुकरची रिंग कितीही नवी असली तरी झाकणाची पकड सैल असेल तर वाफ बाजूने येणारच, तसंच हे. ६.० मध्ये प्रत्येक हेडला १० मोठे बोल्ट आहेत. म्हणजे एका सिलिंडरभोवती चार, तेही शेजारच्या सिलिंडरशी वाटून घेतलेले. त्याच फोर्डच्या जुन्या ७.३ मध्ये सिलिंडरभोवती सहा होते. कमिन्स ५.९ मध्ये सहा सिलिंडरच्या एका हेडला २६ बोल्ट आहेत, तिथेही सिलिंडरभोवती सहा. कमिन्सचं गॅस्केट बरीच मारहाण सोसतं आणि ६.० चं लवकर हार मानतं, त्यामागे हा हिशेब मोठा आहे.

आणखी एक गैरसमज इथेच मिटवू. टर्बोचं बूस्ट, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, हा ज्वलनाच्या वेळचा सिलिंडरमधला दाब नव्हे. बूस्ट तेवढंच ठेवून इंजेक्शनचं टायमिंग पुढे ओढलं, तर इंधन पिस्टन वर येत असतानाच जास्त जळतं आणि कमाल दाब झपाट्याने वाढतो. ‘माझा बूस्ट तर स्टॉकएवढाच, कंपनीच्या मूळ सेटिंगएवढाच आहे’ म्हणणाऱ्याचं गॅस्केट कमी आरपीएमला जड ट्रेलर ओढताना उडतं ते यामुळेच. स्टड निवडताना हॉर्सपॉवरचा आकडा विचारतात. त्याआधी विचारायचा प्रश्न असा: ट्यूनिंग कुणाचं, आणि त्यात टायमिंग किती पुढे आहे?

पहिली पायरी: हेड उघडायची गरज आहे का ते ठरवा

६.० मध्ये टाकीतून कूलंट बाहेर येण्याची तीन कारणं वारंवार दिसतात: हेड गॅस्केट, फुटलेला ईजीआर कूलर (एक्झॉस्टचा काही वायू पुन्हा इनटेकमध्ये पाठवण्याआधी थंड करणारा), आणि या दोघांचं मूळ असलेला तुंबलेला ऑइल कूलर. ऑइल कूलरच्या बारीक वाटा कूलंटमधल्या गाळाने आणि जेलीने भरतात. त्याच्या पुढे असलेल्या ईजीआर कूलरला मग कूलंट पुरत नाही, तो तापून फुटतो, पाणी इनटेकमध्ये आणि तिथून सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही. मग हेड उचललं जातं.

तपासायला महागडी साधनं लागत नाहीत. ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाशी जोडायच्या सॉकेटला) लावायचं एखादं मॉनिटर घ्या आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर सपाट हायवेवर एका वेगाने गाडी चालवत कूलंटचं आणि ऑइलचं तापमान शेजारी शेजारी बघा. ऑइल कूलंटपेक्षा १५ अंश फॅरनहाइटहून जास्त तापत असेल तर ऑइल कूलर तुंबला आहे. टाकीच्या झाकणाला दाबमापक जोडून गाडी चालवली की दुसरा पुरावा मिळतो. झाकण साधारण १६ पीएसआयला सुटतं. इंजिन थंड असतानाच दाब भराभर चढला, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतो आहे. पांढरा, गोडसर वासाचा धूर दिसत असेल तर ईजीआर कूलर आधी काढून प्रेशर टेस्ट करा. तो काढायला हेड उघडावं लागत नाही.

ऑइल कूलर तसाच ठेवून नुसते स्टड टाकणं म्हणजे पैसे वाया घालवणं. मजबूत पकडीखाली गॅस्केट टिकेलही, पण ईजीआर कूलर पुन्हा फुटेल. ईजीआर काढूनच टाका असाही सल्ला मिळतो. अमेरिकेत रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचं प्रदूषण नियंत्रण काढणं क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदा आहे, आणि आता त्यासाठी ट्यूनर विकणाऱ्यांनाही मोठे दंड झालेत. त्यापेक्षा जाड नळ्यांचा स्टेनलेस स्टीलचा सुधारित कूलर बसवा.

दुसरी पायरी: तुमचं इंजिन नेमकं कुठलं

नुसतं ‘सहा लिटर फोर्ड’ सांगून गॅस्केट मागवू नका. ६.० च्या हेडची जागा नक्की करणारे डॉवेल (खुंट्या) सुरुवातीच्या इंजिनांत १८ मिलिमीटरचे होते, नंतर २० चे झाले. बदल २००६ मॉडेलच्या आसपास झाला, आणि नेमका वर्षाच्या मध्येच. त्यामुळे नोंदणीच्या कागदावरच्या वर्षावर विसंबून चालत नाही. त्यातून मधल्या काळात कुणी दुसऱ्या ट्रकचं इंजिन टाकलेलं असू शकतं. हेड निघालं की व्हर्नियरने डॉवेल मोजा आणि मग ऑर्डर द्या. बदली हेड घेत असाल तर तेही त्याच मापाचं हवं.

ड्युरामॅक्सची गोष्ट वेगळी. ओहायोतल्या मोरेनमध्ये बनणाऱ्या या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोन्ही धातू तापल्यावर सारखे पसरत नाहीत, म्हणून गॅस्केटवर हेड प्रत्येक गरम-थंड फेऱ्यात किंचित सरकतं. त्याची गॅस्केटं ए, बी, सी अशा तीन जाडींत येतात. कुठली घ्यायची ते पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो त्यावर ठरतं. जुन्या गॅस्केटच्या कडेला खुणा असतात, त्यावरून कारखान्याने कोणता ग्रेड लावला होता हे कळतं. ब्लॉकला किंवा पिस्टनला हात लावला नसेल तर तोच ग्रेड परत, दोन्ही बाजूंना वेगवेगळा पाहून. हात लावला असेल तर मोजणी नव्याने.

कमिन्स ५.९ मध्ये १२ व्हॉल्व्ह आणि २४ व्हॉल्व्ह यांची गॅस्केटं आणि स्टडचे संच वेगळे आहेत. त्यात मूळ जाडीशिवाय दहा आणि वीस थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त जाडीची गॅस्केटंही मिळतात. ती कशासाठी, ते पुढे येईल.

तिसरी पायरी: जुनं गॅस्केट फेकू नका, वाचा

हेड काढल्यावर सगळ्यात उपयोगी कागदपत्र म्हणजे काढलेलं गॅस्केट. ते धुऊ नका. बाकावर सपाट ठेवा, मार्करने पुढची बाजू आणि सिलिंडर नंबर लिहा आणि चांगल्या उजेडात प्रत्येक सिलिंडरच्या कडीभोवती बघा. निरोगी कडी चकचकीत राखाडी असते, तिच्यावर दाबाचा ठसा सगळीकडे सारख्या रुंदीचा. जिथे हेड उचललं गेलं तिथे कडीपासून काजळीची एक जीभ बाहेर गेलेली दिसते, बहुधा जवळच्या पाण्याच्या छिद्राकडे. ती जीभ एकाच ठिकाणी असेल तर तिथे ब्लॉक किंवा हेड वाकलं किंवा खड्डा पडला असण्याची शक्यता मोठी. प्रत्येक सिलिंडरला, तेही दोन बोल्टांच्या मधल्या भागात, फिकट जिभा असतील तर पकडच अपुरी पडते आहे. स्टडचा खरा ग्राहक हा दुसरा.

एखाद्या पिस्टनचं डोकं बाकीच्यांपेक्षा स्वच्छ, धुतल्यासारखं दिसलं तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जात होतं. त्या बाजूचं हेड तडा तपासायला पाठवलंच पाहिजे. बिडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीटच्या मध्ये तडे सापडतात. नवं गॅस्केट आणि नवे स्टड त्यावर काहीच करू शकत नाहीत.

चौथी पायरी: सपाटी आणि पोत

या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

आधी साफसफाई. गॅस्केटचे अवशेष काढायला ड्रिलला लावायच्या खरखरीत चकत्या वापरू नका. काम झटपट होतं हे खरं, पण एक तर ब्लॉकवर उथळ खड्डे पडतात जे बोटाला कळत नाहीत. दुसरं म्हणजे चकतीचे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण ऑइलमध्ये उतरून बेअरिंग खातात. जीएमने आपल्या गॅरेजांना यावर खास इशाऱ्याचं पत्रक काढलं होतं. प्लॅस्टिकची किंवा धार नसलेली पट्टी, रसायन आणि धीर, एवढं पुरतं.

मग मशीन शॉपची स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) आणि फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच). घरातली लोखंडी पट्टी चालणार नाही. ब्लॉकवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या दिशांनी स्ट्रेट एज ठेवून मागून टॉर्च मारा. उजेडाची रेघ जिथे दिसेल तिथे गेज घाला. दोन थाउची, म्हणजे ०.०५ मिलिमीटरची पाती कुठेही सहज सरकली तर थांबा आणि मॅन्युअलमधली तुमच्या इंजिनाची मर्यादा बघा. लोक हेडला हौसेने फेसिंग मारून (मशीनवर पृष्ठभाग कापून सपाट करून) घेतात आणि ब्लॉककडे बघतही नाहीत, कारण ब्लॉक गाडीतून काढावा लागतो. वाकलेल्या ब्लॉकवर सपाट हेड बसवून काय मिळणार?

पोत हा सपाटीहून वेगळा विषय आहे. आजची बहुतेक गॅस्केटं एमएलएस, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या अनेक पातळ थरांची असतात. त्यांना पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. कॉमेटिकसारखे बनवणारे ५० मायक्रोइंच आरए (पृष्ठभागाच्या खरखरीतपणाचं सरासरी माप) किंवा त्याहून बारीक फिनिश मागतात. जुन्या कॉम्पोझिट गॅस्केटला थोडा खरखरीतपणा चालायचा, किंबहुना हवा असायचा. जुन्या सवयीचा मशीनिस्ट त्याच पोताने फेसिंग मारून देईल, आणि बोटाने चाचपून तुम्हाला फरक कळणार नाही. म्हणून काम देतानाच सांगा की एमएलएस बसवायचं आहे, आणि आरए मोजून कागदावर लिहून मागा. जो मशीनिस्ट हे मोजायचं साधन आपल्याकडे नाही म्हणतो त्याच्याकडे हे काम देऊ नये, मग तो कितीही स्वस्त असो.

फेसिंग मारलं की धातू जातो, आणि त्याचे परिणाम पुढे सरकतात. व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. कमिन्समध्ये इंजेक्टरचं टोक ज्वलनाच्या जागेत जरा जास्त डोकावतं, ते तांब्याच्या वॉशरची जाडी बदलून परत जागेवर आणावं लागतं. किती थाउ काढले ते मशीनिस्टकडून लिहून घ्या. पुढच्या मालकाने पुन्हा फेसिंग मारायचं म्हटलं तर त्याला हाच आकडा लागणार आहे.

पाचवी पायरी: गॅस्केटचा प्रकार आणि जाडी

रोजच्या वापराच्या, मध्यम ट्यूनिंगच्या ट्रकला एमएलएस घ्या. ६.० साठी मूळ फोर्डचं गॅस्केट उत्तम आहे आणि मी त्याच्या पलीकडे सहसा जात नाही. एमएलएसच्या बाहेरच्या थरांवर स्प्रिंगसारखा उठाव असतो आणि त्यावर रबराचा पातळ लेप. हेड सूक्ष्म उचललं तरी तो उठाव मागोमाग उठतो आणि फट बंद ठेवतो. त्यावर सिलिकॉन, तांब्याचा स्प्रे, काहीही फासू नका. लेप आहे तोच पुरेसा.

तांब्याचं गॅस्केट, ओ-रिंग, फायर रिंग ही ओढाओढीच्या स्पर्धेची आणि ड्रॅग रेसची दुनिया. फायर रिंगमध्ये हेडला खाचा पाडून प्रत्येक सिलिंडरभोवती भरीव पोलादी कडी बसवतात. ती प्रचंड दाब धरते, पण पाणी-ऑइलची छिद्रं तेवढी सुखाने बंद होत नाहीत, आणि काही फेऱ्यांनंतर नट पुन्हा आवळावे लागतात. सोमवारी सकाळी मुलांना शाळेत सोडायच्या ट्रकमध्ये हा प्रकार नको. विकणारा म्हणेल ‘एकदाच काय ते करून टाका’, ऐकू नका.

जाडीचा हिशेब स्वतः करता येतो. कमिन्स ५.९ घ्या: बोअर १०२, स्ट्रोक १२० मिलिमीटर, म्हणजे एका सिलिंडरचं आकारमान सुमारे ९८० घन सेंटिमीटर. कॉम्प्रेशनचं गुणोत्तर १७.२ असेल तर वरची मोकळी जागा साधारण ६०.५ घन सेंटिमीटर. दहा थाउ जाड गॅस्केट टाकलं की तीत दोन घन सेंटिमीटरची भर पडते आणि कॉम्प्रेशन १६.७ च्या आसपास येतं. वीस थाउने १६.२. हेडमधून दहा थाउ काढले असतील तर दहा थाउ जाड गॅस्केट ते भरून काढतं. त्याचा मुख्य उपयोग हाच. ताकद वाढवायची म्हणून मुद्दाम कॉम्प्रेशन उतरवणारेही आहेत. मिशिगन-मिनेसोटाच्या थंडीत उणे वीसला इंजिन सुरू करायचं असेल त्यांनी तो विचार सोडलेला बरा.

पिस्टन वर किती येतो हे मोजताना डायल गेज पिस्टनच्या मधोमध ठेवू नका. गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेवर दोन्ही टोकांना मोजा आणि सरासरी घ्या, म्हणजे पिस्टन डुलल्याने येणारी चूक निघून जाते. सगळे सिलिंडर मोजून सर्वांत वर येणाऱ्या पिस्टनकडे खास लक्ष द्या. एकच पिस्टन बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर गॅस्केट बाजूला ठेवा, कनेक्टिंग रॉड वाकला असावा. सिलिंडरमध्ये पाणी गेलेल्या इंजिनात हे सापडतं.

सहावी पायरी: आता स्टड

कारखान्यातले ६.० चे बोल्ट टॉर्क-टू-यील्ड जातीचे आहेत. ते लवचिकतेच्या मर्यादेपलीकडे ताणून बसवतात, म्हणून एकदाच वापरायचे. कमिन्सचे मूळ बोल्ट मात्र लांबी मोजून, गेजमध्ये बसत असतील तर, पुन्हा वापरता येतात. ट्यूनिंग न केलेल्या ट्रकला नवे मूळ बोल्ट पुरतात हे इथे स्पष्ट सांगतो. ऑइल कूलर, ईजीआर कूलर आणि पृष्ठभाग नीट केला तर स्टॉक ६.० त्यावर निवांत चालतं. पण हेड उघडायची मजुरी एवढी मोठी आहे की त्यापुढे साध्या स्टडच्या संचाची किंमत किरकोळ वाटते, आणि ट्रेलर ओढणाऱ्याने तो टाकला तर मी त्याला वेड्यात काढणार नाही.

स्टडचा फायदा नुसत्या पोलादात नाही. बोल्ट फिरवताना त्याला ताण आणि पीळ एकाच वेळी बसतात, शिवाय तो ब्लॉकच्या जाड आट्यांत घासत जातो. स्टड ब्लॉकमध्ये हाताने बसतो आणि स्थिर राहतो. वरचा नट बारीक आट्यांवर फिरतो. त्यामुळे टॉर्क (आवळताना दिलेला पीळ) आणि प्रत्यक्ष पकड यांचं नातं जास्त भरवशाचं राहतं. टॉर्क रेंचवर दिसणाऱ्या आकड्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास जोर घर्षणातच जातो, पकडीला मिळतो तो जेमतेम दहावा हिस्सा. घर्षण थोडं बदललं की पकड खूप बदलते. म्हणून संचासोबत आलेलं वंगणच वापरायचं. इंजिन ऑइल लावून वंगणासाठी दिलेला टॉर्क मारला तर पकड कमी पडते, आणि पाना मात्र सगळं बरोबर असल्याचं सांगतो.

कॅलिफोर्नियातल्या व्हेंचुराची एआरपी ही या बाजारातली मोठी कंपनी. तिच्या डिझेल संचांत दोन धातू मुख्यतः भेटतात. एआरपी २००० ची तन्यशक्ती सुमारे २,२०,००० पीएसआय, आणि कस्टम एज ६२५ प्लसची २,६०,००० च्या वर. दुसऱ्याची किंमत दुपटीच्या पुढे जाते. टोइंग आणि मध्यम ट्यूनिंगला एआरपी २००० भरपूर झालं. कंपाउंड टर्बो (एकापुढे एक जोडलेले दोन टर्बो), मोठे इंजेक्टर, स्पर्धा असं डोक्यात असेल तर ६२५. कमिन्सवाले त्याही पुढे जाऊन ब्लॉकला मोठे आटे पाडून १२ ऐवजी १४ मिलिमीटरचे स्टड टाकतात. ते काम गॅरेजच्या हँड ड्रिलने होत नाही. एच-११ टूल स्टीलचे स्टडही मिळतात, ताकदीचे असतात, पण त्या पोलादाला ओलाव्यातून येणाऱ्या गंजाच्या तड्यांचं वावडं आहे, आणि पिकअप हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यावर चालतो. धातूचं नावच न सांगणारे स्वस्त संच तर बघूही नका.

कमिन्समध्ये एक पळवाट आहे. गॅस्केट चांगलं असेल आणि ताकद वाढवण्याआधी फक्त पकड वाढवायची असेल, तर हेड न काढता एकेक बोल्ट काढून त्या जागी स्टड बसवत जाता येतं. एका वेळी एकच, थंड इंजिनावर, ठरलेल्या क्रमाने. गळकं गॅस्केट मात्र याने बरं होत नाही. ६.० वर हा प्रयोग करू नये.

सातवी पायरी: बसवणं

ब्लॉकमधली छिद्रं आधी साफ. आटे नवे पाडणारा टॅप घालू नका, तो धातू खातो. आटे साफ करायचा चेझर वेगळा मिळतो. मग ब्रेक क्लीनर आणि हवेचा झोत. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण छिद्राच्या तळातलं काळं पाणी सरळ तोंडावर येतं. चिंधी गुंडाळलेली काडी तळापर्यंत घालून ती कोरडी येईपर्यंत हेच चालू ठेवा. बंद छिद्रात ऑइल किंवा पाणी राहिलं आणि वरून स्टड आवळला तर द्रवाला जायला वाट नसते, ब्लॉकला तडा जातो. छिद्र पाण्याच्या वाटेत उघडत असेल तर त्या आट्यांना सीलर लागतं. संचाच्या पत्रकात ते लिहिलेलं असतं.

स्टड हाताने, नाहीतर ॲलन कीने हलकेच, तळाला टेकेपर्यंत. जोर लावायचा नाही. ६.० मध्ये केबिन न उचलता काम करत असाल तर आधी कोरडा सराव करा. फायरवॉल आणि हीटरच्या पेटीमुळे मागचे काही स्टड हेड बसल्यावर आत जात नाहीत, ते हेडसोबतच खाली उतरवावे लागतात. सुपर ड्यूटीची (६.० बसवलेल्या फोर्ड पिकअपची) अख्खी केबिन लिफ्टवर उचलून काम करणारी गॅरेजं आळशी नव्हेत. मागच्या नटावर पाना सरळ बसतो, आणि एवढ्या मोठ्या टॉर्कला ते महत्त्वाचं आहे.

वॉशरच्या आणि नटच्या घासणाऱ्या बाजूंना वंगण, स्टडच्या वरच्या आट्यांनाही. ६.० च्या एआरपी २००० संचाला अंतिम टॉर्क २१० फूट-पाउंड, तीन सारख्या टप्प्यांत: ७०, १४०, २१०. कमिन्स आणि ड्युरामॅक्सचे आकडे वेगळे आणि बरेच कमी आहेत. आपल्या खोक्यातलं पत्रकच प्रमाण मानायचं. क्रम मधून बाहेरच्या दिशेने. २१० ला लांब दांड्याचा पाना आणि मदतीला एक माणूस लागतो. नट एका दमात, न थांबता फिरवा. आकड्याच्या जवळ येऊन थांबलात तर पुन्हा हलवताना स्थिर घर्षणामुळे पाना आधीच ‘टक’ म्हणतो आणि नट फिरलेलाच नसतो. तसं झालं तर तो नट थोडा सैल करून परत एका झोतात न्या. भाड्याने आणलेल्या पान्यावर विश्वास ठेवायचा असेल तर कॅलिब्रेशनची तारीख बघून घ्या.

६.० च्या हेडला बाहेरच्या कडेने छोटे बोल्टही असतात. ते विसरू नका. त्यांचा टॉर्क अगदी वेगळा आहे.

सुरू केल्यावर

कूलंट व्हॅक्यूमने भरा, म्हणजे हवेचे खिसे राहत नाहीत. जुना ऑइल कूलर बदलण्याआधी सिस्टिम धुऊन घेतलेली असावी. धुतलेला गाळ नव्या कूलरमध्ये जाऊन बसला तर पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी इंजिन गरम करून पूर्ण थंड होऊ द्या आणि टाकीची पातळी बघा. ती थोडी उतरेल, हवा निघते म्हणून. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यानंतरही उतरत राहिली तर दाबमापक परत लावा.

एमएलएस आणि स्टड यांना नंतर पुन्हा आवळायची गरज बहुतेकदा नसते. पत्रकात सांगितलं असेल तरच, थंड इंजिनावर, एका वेळी एक नट सैल करून परत पूर्ण टॉर्कवर. ट्यूनर लगेच लावू नका. काही आठवडे स्टॉकवर, मग ट्रेलरशिवाय हायवेवर, मग ट्रेलर जोडून, आणि प्रत्येक वेळी कूलंट आणि ऑइलच्या तापमानातला फरक लिहून ठेवा. नव्या कूलरवर तो काही अंशांचाच असतो. वर्षभराने तो पंधराकडे सरकायला लागला तर कूलंट धुवायची वेळ आली आहे, आणि तेव्हा हेडला हात लावायचं कारण नसेल.